चेष्टा नको

बाबा, तुमची नात डॉक्टर होणार म्हणते आणि माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. परदेशातल्या कॉलेजांचे अर्ज भरते आहे. तिकडे म्हणे आधी पदवी घ्यायची, त्यात एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, एक दुय्यम, म्हणजे मायनर, आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. हिने मेजर निवडलाय इतिहास! केमिस्ट्री मायनर. राजा पार्कातला सल्लागार म्हणतो, "मॅडमजी, कुछ भी चलेगा, बस ज़रूरी पेपर कर ले." इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. पोरगी इतिहासाच्या आडून हळूच सटकणार, असं वाटतं. तिच्या मैत्रिणीला खोदून विचारलं, टेबलाचे खण चाचपले. सापडली ती जुन्या साथीच्या रोगांवरची पुस्तकं. तरी माझं समाधान नाही.

काल पोळ्या लाटताना मी भडकलेच. "चेष्टा करतेस का माझी?" तर म्हणते, "करतेय ना आई! मतलब, रोज पाचला उठून पूरी चेष्टा करतेय." इथेच हिंदीत वाढलेली ती, तिच्या लेखी चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला हसू फुटलं, आणि मग तुम्ही आठवलात.

तुमची बँकेतली बदली होऊन आपण साताऱ्याहून इकडे हिंदी मुलखात, बनी पार्कात राहायला आलो, त्यानंतरची गोष्ट. मी मेडिकलच्या क्लासचा अर्ज सहीसाठी तुमच्या डब्याशेजारी ठेवते. 'छंद' या रकान्यात मी 'झोपणे' असं लिहिलेलं. संध्याकाळी अर्ज परत येतो, त्या शब्दापुढे पेन्सिलीने तुमचं अक्षर: चेष्टा नको. तो अर्ज मी दिलाच नाही. मैत्रिणींना हिंदीतून वाचून दाखवलं, बघा, वडील म्हणतात प्रयत्नच करू नकोस. पुढे नवऱ्याला हेच सांगितलं, लेकीलाही. तुम्ही एकदा विचारलंत, "क्लासचं काय झालं गं?" मी म्हटलं, जागा भरल्या. तुम्हाला ते खरं वाटलं. मला मात्र लेकीचं काही खरं वाटत नाही, कारण कसं सटकायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. बाबा, अर्जाच्या तळाशी तुमची सही होती. चेष्टेचा अर्थही मला तेव्हाच कळला होता. मी घाबरले होते.