राजीनामा मागे घेतला

चिमे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी छापखान्यात चाललोय. रागावू नकोस, राजीनामा मागे घेतलाय. मालक म्हणाले, "तुमच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही, या."

पैशांची काळजी नाही. तुझ्या आईने पोटाला चिमटा काढून जमवलंय, ते मला पुरून उरेल. दोघांनी पन्नाशीत नोकऱ्या सोडायच्या आणि मग पाय नेतील तिकडे फिरायचं, हा बेत तिचाच. बाहेर कधी चहा पिऊ दिला नाही बाईने. "घरातली चहापत्ती संपलीय का?" म्हणायची. मीही ऐकायचो, कारण ती म्हणेल ते तडीस न्यायची. हेही नेलं असतं. पण माझा नोकरीतला शेवटचा दिवस यायच्या आधी तीच गेली.

काल तू म्हणालीस, "बाबा, आता निवांत राहा." राहून बघितलं गं. नकाशा उघडून बसतो, पण तिला विचारल्याशिवाय कुठे जायचं ते ठरत नाही. वेळ आम्ही दोघांसाठी जमवला होता. एकट्याला तो खर्चता येत नाही.

भाजी करून ठेवलीय, गरम करून घे. गॅसचं बटण सैल झालंय, नीट बंद कर. आणि तुम्ही नवरा-बायको फिरायला जाणार होतात, ते पुढे ढकलू नका. पैसे कमी पडले तर मी आहे.

आजची रात्र राहा. मी आलो की सोबत जेवू.

बाबा