शनिवारी म्हैस अडली तेव्हा

वडगाव मावळ,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय करिष्मा,

सप्रेम जय भीम.

तू बरी असशील. मीही बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरी वगैरे काही नाही, संतापलेली आहे. शाळेत सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला पत्र लिहायची वेळ यावी, आणि तेही वडगावहून नवलाख उंबऱ्याला, तुझ्या खोलीवर! स्कूटरने अर्धा तास लागतो. पण आज नऊ दिवस झाले, तू फोन घेत नाहीस, मेसेजला एकच टिक येते. ब्लॉक केलंयस, कळतं मला. तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहिले असते, पण या आठवड्यात तुझी शिफ्ट कुठली ते कळायला तू बोलायला तर हवीस.

आधी माझं ऐकून घे. तू तुमच्या वाडीत सांगितलंस म्हणे, की रेणुकाला आता बंगल्यातली कुत्री दिसतात, आमची म्हैस दिसत नाही. हे मला कुठे ऐकायला मिळालं माहीत आहे? कामशेतच्या पुढे एका गोठ्यात, माझा हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात असताना. ऐकवणाऱ्या बाईला हसू आवरत नव्हतं. हात बाहेर काढून दोन शब्द सुनवावेत म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं.

नऊ वर्षं झाली मला जनावरांची डॉक्टर म्हणून या तालुक्यात फिरायला लागून. अजून सकाळी सहाला फोन येतो, ‘मोठं डाक्टर न्हाईत का?’ मी म्हणते, मीच मोठी. ‘तसं न्हाई वं, बाप्या मानूस कुनी?’ तोच मनुष्य बैलाने चारा सोडला की दुपारी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. बैल उठून चालायला लागला की मग ‘आमच्या झाडपाल्यानंच उतार पडला’. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण कुणा जनावरांच्या डॉक्टरनेच काढली असणार.

आणि लोणावळ्याची मंडळी? ती शुक्रवारी संध्याकाळी येतात, कुत्र्याला कौतुकाने चिक्की भरवतात आणि शनिवारी मला फोन करतात, ‘डॉक्टर, आज तो फार उदास आहे.’ पाव किलो चिक्की कागदासकट खाल्ल्यावर मीही उदास होईन! गेटवरचा वॉचमन माझी स्कूटर आत घेऊ देत नाही. वहीत नाव लिहा, गाडी नंबर लिहा, कशासाठी आलात ते लिहा. मी लिहिते: कुत्रा. मागच्या महिन्यात एकीने मला जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करून मांजराची शी दाखवली. मी भात बाजूला ठेवला आणि औषध सांगितलं. दोन दिवसांनी तिने दवाखान्याला तीनच तारे दिले, कारण म्हणे डॉक्टर हसत नाहीत.

नुसतीच रडते आहे असं नको समजू. सकाळी लवकर कामशेतला थांबून गरम कांदाभजी आणि चहा घेते, तेव्हा मला कुणाचाच राग नसतो. नुकतं जन्मलेलं रेडकू तीनदा पडून चौथ्यांदा चार पायांवर उभं राहतं, ते बघायला आजही मी काम संपल्यावर पाच मिनिटं थांबते. आणि तुमच्या वाडीची रीत! अडलेलं जनावर सोडवणाऱ्याला पहिल्या चिकाचा डबा. शहरातल्या किती डॉक्टरांना फीबरोबर खरवसाची सोय आहे?

आता तुमची म्हैस अडली त्या शनिवारचं. शनिवारी लोणावळ्यात ट्रॅफिक असतं हे तुला मी सांगायला नको. मी बंगल्यावरून निघाले आणि अडकले. सगळा महामार्ग भरलेला, त्यात एक बस मध्येच बंद पडलेली. मी उडून येणार होते का? फोटोचं म्हणशील, तर दवाखान्याचं इंटरनेटवरचं पान तूच काढून दिलंस, त्यामुळे त्यावर कोण काय टाकतं ते तुला माझ्याआधी दिसतं. बंगल्यातल्या बाईंनी फोटो टाकला, माझ्या हातात कॉफीचा कप आहे. असेल. पहाटे पाचपासून उपाशी असलेल्या डॉक्टरने कॉफी पिऊ नये असा कायदा आहे का? तू कंपनीत चहाच्या सुट्टीत चहा पीत नाहीस?

शिवाय रेडकू पोटातच गेलं होतं. मी तिथेच, तुझ्या आईसमोर आणि शेजारच्या भिमाजी आबांसमोर तसं सांगितलं. आधीच मेलेलं असेल तर एक तास काय आणि दोन तास काय. म्हैस तर मी वाचवली ना? ते कुणी बोलत नाही.

बाहेर कुणीतरी शेळी घेऊन आलंय. उरलेलं मग लिहिते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं. तीन दिवस पर्समधून फिरवलं. आज फोडून वाचलं आणि माझीच मला चीड आली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पानं फाडणार होते, पण फाडली नाहीत. मी कशी बोलते ते तुझ्याजवळ लेखी असू दे.

करिष्मा, बस बंद पडलेली नव्हती. ट्रॅफिक होतं, पण वीस मिनिटांचं.

ब्रूनो नावाच्या त्या कुत्र्याचं काम सव्वाबाराला आटपलं होतं. मी बॅग आवरत होते तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, जेवूनच जा.’ नऊ वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. गोठ्यात मला पालथी बादली मिळते, बंगल्यात बाहेरच्या पडवीत प्लास्टिकची खुर्ची. यांनी मला आत नेलं, टेबलाशी त्यांच्या शेजारी बसवलं. खोली थंडगार, समोर काच, काचेपलीकडे धरण. कुठे शिकलात, घरी कोण कोण असतं, एवढ्या मोठ्या जनावराची भीती नाही का वाटत, असं सगळं विचारत होत्या आणि उत्तरं ऐकत होत्या. गरम फुलका ताटात पडत होता, तो मी केलेला नव्हता. मला आवडलं, करिष्मा. खूप आवडलं. इतकं साधं सुख आणि त्याचीच मला आता शिसारी येते आहे.

साडेबाराला भिमाजी आबांचा फोन आला. ‘पोरी, गंगीची, करिष्माच्या आयची म्हस अडलीया. पाय दिसत्यात, मुंडकं मागं वळलंया. मी हात घालू का?’

हे तुला कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. त्यांनी मला विचारलं होतं. ज्या माणसाने माझ्या जन्माच्या आधीपासून त्या डोंगरावरची जनावरं सोडवली, त्याने मला विचारलं. कारण नियम माझाच. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वाडीत चौघांनी दोर लावून वासरू ओढलं, गाईची पिशवी फाटली, ती माझ्या समोर गेली. तेव्हा मी सगळ्या वाड्यांवर ओरडत फिरले होते की डॉक्टर येईपर्यंत कुणी हात घालायचा नाही. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. आबांनी पाळलं.

मी म्हणाले, ‘नको आबा, हात लावू नका. मी निघालेच.’

आणि मी दुसरा फुलका घेतला.

निघालेच! आपण सगळेच म्हणतो. आंघोळीला जायचं असतं तरी म्हणतो. पण आबांनी ते खरं मानलं. हात धुऊन, कोपरापर्यंत गोडेतेल लावून ते गोठ्याच्या दाराशी उभे राहिले. मी पोहोचले तेव्हाही तसेच उभे होते, तेल वाळून गेलेलं. सव्वाएकला त्यांचा पुन्हा फोन आला होता. मी बघितला आणि फोन टेबलावर पालथा घातला. बाईंनी विचारलं, ‘महत्त्वाचा आहे का?’ मी म्हणाले, ‘नाही नाही, वाडीवरचा आहे.’

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

पावणेदोनला तिथून निघाले आणि तीनला पाच मिनिटं कमी असताना वाडीवर पोहोचले. मान फार वळलेली नव्हती गं. मागे ढकलून सरळ करायला मला पाच मिनिटं लागली. आबांना सात लागली असती. पारडी निघाली. अंगाने भरलेली, कपाळावर पांढरा ठिपका. डोळ्यांवर अजून पाणी होतं, जीभ नुसती सुजलेली. कालचं मेलेलं रेडकू असं नसतं. तासाभरापूर्वीपर्यंत ते जिवंत होतं, हे मला बघताक्षणी कळलं. आणि त्याच क्षणी, कुणी विचारायच्या आत, मी म्हणाले, ‘पोटातच गेलं होतं. कालच गेलं असणार.’ इतक्या सफाईने बोलले की मला माझंच नवल वाटलं.

आमचे बाबा चार माणसांत नेहमी सांगतात, ‘माझ्या बापानं छप्पन साली गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि माझी लेक आता जित्या ढोरांचे प्राण वाचवते.’ परवा एका लग्नात पुन्हा सांगितलं. लोक माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. आजोबांनी जे मान ताठ करून सोडलं, तेच मी त्या शनिवारी पोटभर जेवून केलं.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी गंगी मावशीने चिकाचा डबा पाठवला. दुधाच्या टेम्पोवाल्याने दिला आणि निरोप सांगितला, ‘रेडकू न्हाई तं चीक कोन पिनार, पोरीनं म्हस तरी वाचीवली.’ माझ्याने खरवस लावला गेला नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवला, रोज दार उघडून बघितला, चौथ्या दिवशी नासला तेव्हा मोरीत ओतला. तुझ्या पगारातून आणलेल्या म्हशीचा पहिला चीक मी मोरीत ओतला.

म्हणून काल वाडीवर गेले. वर येईपर्यंत तीनदा परत फिरावंसं वाटलं. मावशी धार काढत होती, आबा पलीकडे दावं वळत बसले होते. बसा-उठा काही होऊ दिलं नाही, उभ्यानेच बोलले. म्हणाले, ‘आबा, मी खोटं बोलले. रेडकू आदल्या दिवशी मेलेलं नव्हतं. तुम्ही फोन केलात तेव्हा जिवंत होतं. मी रस्त्यात नव्हते, लोणावळ्यात बंगल्यावर जेवत होते.’

आबांनी दावं खाली ठेवलं. ‘मी हात घातला असता तं?’

‘जगलं असतं.’

धारेचा आवाज थांबला. मावशी माझ्याकडे बघेना. म्हशीच्या कुशीवर हात ठेवून ती म्हणाली, ‘आन मी दहा दिस हिलाच बोल लावतीया. तूच पोटात मारलंस म्हनून. रोज सकाळी धार काढताना बोलतीया.’

मला वाटलं होतं ती मला शिव्या घालेल. मी त्याची तयारी करून गेले होते. ह्याची नव्हती.

मी म्हणाले, ‘मावशी, मला बोल.’ ती म्हणाली, ‘तुला काय बोलू? तू कुटं माज्या गोठ्यातली हायेस.’ आणि पुन्हा धार काढायला बसली.

आबा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. स्कूटरजवळ आल्यावर म्हणाले, ‘हितनं पुढं मी तुजी वाट न्हाई बघनार. हात घालनार.’

मी म्हणाले, ‘घाला. पुढच्या रविवारी मी येते, मान कशी सरळ करायची, कुठे थांबायचं, ते वाडीतल्या सगळ्यांनाच दाखवते.’

‘ते बघू. पर हाक मारली तं खरं काय ते सांग. येनार तं येनार, न्हाई तं न्हाई. मानूस हात धुऊन उबं ऱ्हातंय.’

वीस वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्या घरून चहा न घेता परतले. मावशीने विचारला नाही आणि मला मागायला तोंड नव्हतं.

तुझ्यावर चिडून मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. तू वाडीत जे सांगितलंस ते खरं होतं, उलट कमीच होतं. त्याबद्दल तू माफी मागू नकोस आणि मलाही आत्ता माफ करू नकोस. ब्लॉक काढ असंही म्हणत नाही. फक्त रविवारी घरी जाशील तेव्हा एक काम कर. मी सांगितलं आहे, पण माझ्या शब्दावर मावशीने आता का विश्वास ठेवावा? तू सांग. धार काढताना त्या मुक्या जनावराला पुन्हा काही बोलू देऊ नकोस. म्हशीची काही चूक नव्हती.

ती चूक जिची होती, ती
रेणुका