बाबांनी मोठ्याने वाचायचं पत्र

प्रिय आई,

तुला आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या बाबांना नमस्कार.

मी आता बरी आहे. गेला आठवडा खोकल्यात गेला. डोकं ठणकायचं, मान अवघडली होती. एवढी शिकले तरी मेंदूज्वर तर नाही ना, म्हणून घाबरलेच. दवाखान्यातल्या नर्सताईंनी आधी हनुवटी छातीला लावायला सांगितली. ती लागली. त्या म्हणाल्या, "मग मान खोकून खोकून दुखतेय. आणि तीन उशा घेऊन झोपायला कुणी सांगितलं होतं?" आता एकच उशी घेते, कोमट पाणी पिते, मानेला शेक देते. कामावर जाते.

धाकटा सांगत होता, बाबाही पंधरा दिवस खोकतात आणि मान धरून बसतात. तुला मात्र "उशी वाकडी झाली" म्हणतात. मी फोनवर विचारलं की फोन तुझ्या हातात देतात. म्हणून हे पत्र.

बाबा, इथे थांबा आणि हनुवटी छातीला लावा. आई, लागली का? मान वाकतच नसेल, ताप असेल, उजेड सहन होत नसेल, तर पत्र तसंच ठेवून दवाखाना गाठा.

लागली असेल तर बरंच आहे. पण एवढं वाचताना ते किती वेळा खोकायला थांबले, हे तू ऐकलंच असशील. दम लागला असेल तर त्यांना आजच डॉक्टरांकडे ने. नसला, तरी पंधरा दिवसांचा खोकला उद्या दाखवच.

बाबा, यातली एकही ओळ गाळू नका. हेच पत्र धाकट्यालाही वेगळं पाठवलं आहे.

तुम्हा दोघांची काळजी करणारी,
लेक