माझ्या बोअरमधलं शेल ऑइल

३ मार्च २०२५, सकाळ
बोअरच्या पाण्यावर तेलाचा तवंग. चहाला रॉकेलचा वास. शी! बायको, सिद्धम्मा, म्हणाली मोटरचं तेल गळत असेल, वर काढून बघा. तीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्याची ही बायको. हे शेल ऑइल आहे. घरात कोणाशी बोलायची सोय नाही.

४ मार्च
यूट्यूबवर सगळं पाहिलं. तेल खडकात अडकलेलं असतं. भोकातून जबर प्रेशरनं पाणी कोंबायचं, खडक तडकतो, तेल सुटतं. अमेरिकेत चालतं, उदगीरला का नाही? आजपासून कडक गुप्तता.

५ मार्च
सिद्धम्मानं गल्लीभर सांगितलं.
शेजारी चंद्रप्पा येऊन हसून गेला. याच्या बोअरला चार वर्षं नुसती धूळ. उद्या वाटा मागेल. अशा हावरट माणसांची मला किळस येते. स्वतःच्या हातानं बॉण्ड लिहिला: तुझ्या बोअरला लागेल ते तुझं, माझ्या बोअरला लागेल ते माझं. त्यानं न वाचता सही केली. अडाणी.

१० मार्च
नांदेडहून तय्यब मशीन घेऊन आला. आटलेल्या बोअरच्या फटी मोकळ्या करायचं मशीन. म्हणाला, "सर, ह्ये पाण्याचं मशीन हाय, तेलाचं न्हाई. चालू बोअर हाय तुमचं, कशाला छेडता?" तांत्रिक दृष्टी शून्य. नारळ फोडला आणि "कोंब पाणी" म्हटलं.
आधी मोटर वर काढली. आतलं तेल संपलेलं. कंपन्या हल्ली काहीही माल विकतात.
दोन टँकर पाणी आत गेलं. प्रेशरचा काटा चढला आणि एकदम पडला. मी टाळ्या वाजवल्या. तय्यब पाईप गुंडाळायला लागला.

११ मार्च
तेल नाही. पाणीही नाही. तेल जड असतं, वेळ लागणारच. संयम ठेवायचा.

१३ मार्च
संयम चालू. अंघोळ बंद. स्वतःचाच वास सहन होत नाही.

१४ मार्च
चंद्रप्पाच्या बोअरला दोन इंची पाणी लागलं. माझ्या प्रेशरवर! सगळी गल्ली तिथं, सिद्धम्मासुद्धा. बॉण्ड काढून पाच वेळा वाचला. कुठंही पळवाट नाही. नको तिथं इतकं नीट लिहितो मी.

१८ मार्च
घागरी वाहून सिद्धम्माचे गुडघे सुजले. मीच घागर घेऊन चंद्रप्पाकडे गेलो. लाज वाटली, खरं सांगायचं तर. त्यानं बॉण्डची त्याची कॉपी लॅमिनेट करून मोटरच्या खोलीत टांगली आहे. माझी घागर स्वतः भरून दिली आणि म्हणाला, "सर, तुमचं अक्षर लई देखणं हाय."
पाण्यावर तवंग आहे का, दोनदा पाहिलं. नाही.
घरी चहा केला. चांगला झाला. सिद्धम्मानं अजून अर्धा कप मागितला.