मामांचा मध कधीच संपणार नाही

मुक्काम रेल्वेच्या मोजणीचा तंबू, भुसावळच्या पलीकडे

खोडाळ्याचा माझा जिवलग जैतू, यास माघ्याचा रामराम. तू बरा, तुझी आई बरी, तांबडा बैल लंगडायचा थांबला असेल तर तोही बरा, असं धरून चालतो. हे पत्र जिवामामांच्या अंगणात वाच, आणि आत चैतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच.

तर मामा, निघताना तुम्ही मधाचं मडकं हातात दिलंत आणि चारचौघांत म्हणालात, "माघ्या, तू म्हणजे भोकाचं मडकं. शिमग्याला परत येशील तेव्हा यात मध उरला असेल, तर चैती तुझी." सगळे हसले. (सोन्या जरा जास्तच हसला, ते मी विसरलेलो नाही.) आता हसा म्हणावं! मध संपणार नाही. या शिमग्याला नाही, पुढच्याही नाही. माझ्याकडं कागद आहे.

इथं मी जमीन मोजायची साखळी ओढतो, आणि गद्रे रावसाहेब नकाशे काढतात. त्यांच्याकडं बारीक चौकटींचा कागद असतो. मी नियम केला, रोज उरलेल्यातला अर्धाच मध खायचा. मडक्यात चौसष्ट पळ्या होत्या. पहिल्या दिवशी बत्तीस खाल्ल्या (दुसऱ्या दिवशी साखळीच काय, धोतरही ओढवेना, पण नियम म्हणजे नियम). कागदावर आडवे दिवस, उभ्या पळ्या, असे दोन ठिपके दिले, पट्टी ठेवली, आणि रेघ ओढली. रेघ दुसऱ्याच दिवशी थेट जमिनीत! चैती गेली म्हणून मी डोक्याला हात लावला. गद्रे म्हणाले, "अरे शहाण्या, दोन ठिपक्यांवर जन्माचा निकाल लावतोस? आणखी दे." मग दिले. सोळा, आठ, चार, दोन, एक, अर्धी, पाव. पट्टी फेकली, हातानंच जोडले. रेघ शिरपामाळाच्या उतारासारखी धाडकन खाली आली, आणि पायथ्याशी भातखाचरागत आडवी पसरली. नवव्या दिवशी पळीचा आठवा भाग उरतो. पुढं रेघ जमिनीला चाटत जाते, पण टेकत नाही! शिमग्यापर्यंत कागद संपेल मामा, मध नाही. हळद दळायला घ्या.

तुमचा ठरलेला जावई,
माघ्या

ता. क. जैतू, इथं खोकला काढ, पाणी प्यायला म्हणून ऊठ. पुढचं एकट्यानं वाच.

मध पाचव्या दिवशीच संपला. पहिल्या दिवशी मी एकटाच खाणारा होतो. दुसऱ्या दिवशी तंबूतला आणखी एक धरून दोघे, मग चार, मग आठ, पाचव्या दिवशी सोळा अंगठे मडक्यात. तेही ठिपके त्याच कागदावर दिले. ती रेघ उलटी, आधी रांगते, मग घाट चढते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या मध्ये दोन्ही रेघा एकमेकींना आडव्या गेल्या. घात झाला तो तिथंच.

ता. क. दुसरा. तरी मी हरलेलो नाही. मडक्यात बोट फिरवलं तर अजून चिकटतं. म्हणजे रेघ खरीच, टेकलेली नाही! फक्त मामांना सहज, माझं नाव न घेता, विचार की चिकटपणा मधात धरतात का. आणि लवकर कळव. मुंग्या लागल्यात.