सुमीचं रेडकू

१२ जुलै १९७८
म्हस व्याली. रेडा झाला. सासूबाईंचं तोंड एवढंसं. माझी सुमी मात्र गोठ्यात नाचतेय, नाव पण ठेवून मोकळी, गोट्या! पाच वर्षांच्या पोरीला काय कळतंय. माझ्या पोटाकडं बघून सासूबाई म्हणाल्या, "गोठ्यात पारडी आन् घरात पोरगा, आसं पायजे. देवानं उलटं करू ने म्हंजे झालं." मला अजून तीन महिने.

१५ जुलै
रेडकाला नुसतं सडाला लावतात. पान्हा सुटला की ओढून बाजूला, आखूड दाव्यावर. दूध सगळं विकायला कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या पेल्यात, फेसासकट. मी बोलले, तर सासूबाई, "रेडा पोसून पेठंत औत धरतीस काय? तुझं शाळंत शिकीव जा."
यांना सांगितलं. "आईच्या गोठ्यात मी तोंड घालत न्हाय." घरात तरी कुठं घालतात!

१९ जुलै
दहावी ब. उत्क्रांती. म्हशीचंच उदाहरण दिलं. वासावरून आपलंच पिल्लू ओळखायचं, त्यालाच पान्हा सोडायचा. ज्या परक्यालाच पाजत बसल्या त्यांची पिल्लं उपाशी मेली, वंश आटला. ज्यांना ओळखता आलं त्यांचं तगलं. हे कुणी ठरवून केलं नाही. माणूस मात्र ठरवून निवडतो, दुधाची ठेवतो, बाकीची खाटकाला.
मागच्या बाकावरनं एकजण, "बाई, मग माणसात कोण निवडतंय?" वर्ग हसला. मी पण हसले. "गाढवा, खाली बस."

२४ जुलै
गोट्या उठत नाही. सुमी आपला दुधाचा पेला त्याच्या तोंडापुढं धरून बसलेली. सासूबाईंनी पाठीत धपाटा घातला, दूध परत पातेल्यात ओतलं.

२६ जुलै
मेलं. सकाळीच कातडं काढून आत भाताच्या पेंढ्याचं पिंजर भरलं, काठ्यांवर उभं केलं, वरून मीठ चोळलं. म्हशीनं हुंगलं. चाटलं. आणि सोडला की पान्हा! इतक्या पिढ्यांची हुशारी, मूठभर पिंजरानं फसली. "बघ मास्तरीण, कसं जमवलं."
सुमी त्याला गवत भरवतेय. मेलंय म्हणून सांगितलं तर ऐकत नाही. "उभा हाय की!"

१४ ऑक्टोबर
मुलगा!! सासूबाईंनी दवाखान्यातच दृष्ट काढली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा "माझी बाय" म्हणाल्या. रडू आलं. आनंदानंच, खोटं कशाला लिहू.

२ नोव्हेंबर
घरी. बाजेवर. सासूबाई काठोकाठ दूध घेऊन आल्या. "समदं पी. पोराला अंगावरचं पुरलं पायजे." पेला सुमीचा. ती दारातच उभी.
"आजी, माझं?"
"तुला कशाला? तालमीत जाणार हाईस व्हय?"
हे पेपर वाचत होते. मी बोलणारच होते. पण पेला तोंडाला लागलेला, आणि भूक तर अशी की... अर्धा संपला तेव्हा वर बघितलं. दारात कुणी नाही.
खिडकीतून दिसतेय. गोठ्यात, त्या पिंजराच्या रेडकाला टेकून बसलीय. अर्धं दूध उशाशी आहे, साय धरतेय. एक हाक मारली तर येईल पोरगी.
बाळ उठलं. रडतंय. आधी त्याला घेते