चार दिवसांचे जुलाब

चकलांबा,
शुक्रवार, १८ जुलै २०२५

सत्यशीलाताई,

नमस्कार. तुमच्या पायावर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण कागदावर ते फार स्वस्तात होतं, म्हणून नुसता नमस्कार. पप्पू बरा आहे. काल पाच किलो दोनशे भरला. आता अंगावरच पितो, बाटली मी फेकून दिली. मामंजींचा गुडघा तेवढा कुरकुरतो आहे. सोयाबीन बरी उगवली.

काल छबुमावशी तुमचा निरोप घेऊन आल्या. रविवारी सगळ्यांनी त्यांच्याकडे घाटनांदूरला यावं, तुम्ही माफी मागणार आहात म्हणे. "ती म्हणती, मीच घातलं हिरीचं पानी दुधात, चुकलं माजं. फकस्त लेकराला बघू द्या," असं मावशी म्हणाल्या. मामंजी लगेच हो म्हणाले. तुमच्या भावाने गाडीसुद्धा सांगून ठेवली.

ताई, माफी मागू नका.

पप्पूचे ओठ निळे पडले, दवाखान्यात रक्त काढलं तर ते चॉकलेटी निघालं, तो दिवस तुम्हाला मी काय सांगायचा. डॉक्टरांनी विचारलं, "जुलाब कधीपासून?" मी म्हणाले, "आज सकाळपासून." मग त्यांनी बाटलीतलं दूध कोणत्या पाण्यात कालवता ते विचारलं, कारण खत मुरलेल्या विहिरीच्या पाण्याने तान्ह्या बाळाचं रक्त असं होऊ शकतं. मी म्हणाले, "दूध ताई बनवतात." एवढंच. बाकीचं घरच्यांनी जुळवलं. सासर सुटलेलं, पोटी मूल नाही, म्हणून भावाचं पोर डोळ्यात खुपलं, असं तुमच्या तोंडावर बोलून तुम्हाला मावशींकडे धाडलं, आणि मी पदर धरून गप्प उभी राहिले. तुम्ही जारचं पाणी उकळून वापरता हे मला माहीत होतं.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल पंधरा दिवसांपूर्वीच माझ्या हातात आला. पाण्यात काही दोष नाही. तो मी साड्यांच्या खाली ठेवला, आणि मग राहवेना म्हणून एकटीच डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी नीट समजावलं. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होत असतो, अगदी किंचित. त्याने आतडं सैल पडतं आणि खाल्लेलं पुढे सरकतं. पण जंतूंनी आतडं सुजलं की तोच वायू बेसुमार तयार होतो. आतड्यात पाणी सुटतं, जुलाब वाढतात, आणि रक्तात उतरला की रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू नीट वाहता येत नाही. मोठ्या माणसाचं रक्त सावरून घेतं, तान्ह्याचं सावरत नाही. म्हणजे बाहेरून कुणी काही घालायची गरजच नव्हती. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण बाई, हे एका सकाळीत होत नाही सहसा. खरं किती दिवस?"

"चार," मी म्हणाले.

चार दिवस, ताई. तेव्हा सरकारचा अतिसार नियंत्रणाचा पंधरवडा चालू होता. मी गावची आशा सेविका. दारोदार ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या वाटत होते, सहा महिने अंगावरचंच पाजा, बाटली लावू नका म्हणून बायांना दरडावत होते. आणि घरी माझंच पोर बाटलीवर, कारण मला फेऱ्या चुकवायच्या नव्हत्या. गावात जुलाबाचं एकही बाळ नाही असं मी स्वतः लिहून दिलं होतं. मग पप्पूला जुलाब लागलेत हे कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही उठायच्या आत दुपटी धुऊन गोठ्यामागे वाळत घालायची. ओआरएस चोरून पाजलं, तर तो ओकून टाकायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तेजश्री, लेकरू लई मलूल दिसतंय, दवाखान्यात नेऊ का?" मी काय उत्तर दिलं आठवतं? "आशा मी हाय का तुमी?"

त्या दिवशी नेलं असतं तर ओठ निळे पडेपर्यंत गेलंच नसतं. माझी मला लाज वाटते.

तुमच्या भावाला आज दुपारी सगळं सांगितलं. तर म्हणाले, "ताई माफी मागाया तयार हाय ना? मग कावून उकरून काढती? तुजं काम जाईन, तुजे मामंजी तुला घरात ठिवायचे न्हाईत." दोन्ही होऊ शकतं. मला भीती वाटते आहे, नाही असं नाही. पण तुमच्या तोंडून न केलेली चूक ऐकायची, आणि वर मान हलवायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

हे पत्र आणि पाण्याचा अहवाल मावशींच्या हाती देते आहे, त्या उद्या सकाळच्या एसटीने निघतील. बोलताना मी गुळमुळीत करीन, म्हणून लिहिलं. रविवारी मामंजी आणि बाकीचे बसले की कुणालाही हे मोठ्याने वाचायला सांगा, एक ओळ न गाळता. मी समोर असेन. पप्पूला मात्र आल्याबरोबर तुमच्या मांडीवर देणार आहे. त्यासाठी तुम्ही कुणाची परवानगी मागायची नाही, माझीही नाही.

वरचं सगळं खरं आहे. हवं तर तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातही दाखवा, म्हणून पूर्ण सही करते.

तेजश्री शिवशंकर,
आशा स्वयंसेविका, चकलांबा